सातवे प्रकरण

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. रियाधमधील एका भारतीय शाळेच्या शिस्त समितीपुढे सात प्रकरणे होती. त्यांपैकी सहा निकालात निघाली होती. इतर सदस्य आपापल्या तासांवर गेले होते. अध्यक्षा शोभना करंदीकर यांनी सातवी फाईल उघडली. तीवर त्यांच्याच मुलीचे नाव होते : अवंती, इयत्ता दहावी ब.

शाळेची स्वतःची शिस्तवही या सत्रापासून बंद झाली होती. आता सौदी शिक्षण मंत्रालयाची नियमावली सर्व शाळांना सारखीच लागू होती. प्रत्येक विद्यार्थ्याला वर्तनाचे शंभर गुण. परवानगीविना तास चुकवल्यास दहा वजा. त्या वेळी मुलगी मार्गदर्शनासाठी शिक्षिकेपाशी होती अशी चिठ्ठी असेल, आणि अध्यक्षांनी तीवर सही केली, तर वजावट नाही.

अवंतीने सोमवारचा चौथा तास चुकवला होता. रोबोटिक्सच्या संघाबरोबर जेद्दाहला जाण्यासाठी पंचाण्णव गुण आवश्यक होते. गुणनोंदणीचे पोर्टल अकरा वाजता बंद होणार होते.

चिठ्ठी होती. वर्गशिक्षिका स्वप्ना हिच्या हस्ताक्षरात, दोन ओळींची. ‘विद्यार्थिनीला बोलायचे होते. चौथ्या तासाला ती माझ्याजवळ बसून बोलली.’

शोभनाबाईंनी ती दोनदा वाचली.

“काय बोलली?”

स्वप्ना टेबलासमोर उभी होती. “ते मी कुणाला सांगणार नाही असं तिला कबूल केलंय, मॅडम.”

“कुणाला म्हणजे? मी आई आहे तिची.”

“काळजीचं काही नाही, खरंच. तुम्ही तिलाच विचारा ना. सांगेल.”

विचारले नव्हते असे नाही. सोमवारी संध्याकाळी विचारले, मंगळवारी सकाळी विचारले, मंगळवारी जेवतानाही विचारले. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळाले होते : “नथिंग, आई.”

स्वप्नाने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. “हा तिचा. माझ्या खोलीत राहिला होता. थालीपीठ काय मस्त होतं, मॅडम! मेथीचं तिला फारसं आवडत नाही म्हणाली, मग मीच संपवलं.”

मेथीचे थालीपीठ गेली नऊ वर्षे दर सोमवारी होत होते. शोभनाबाईंनी झाकण उघडले. डबा स्वच्छ धुतलेला, आतून कोरडा पुसलेला होता. घरी तो तसा कधीच येत नसे.

अरबी पत्रव्यवहार पाहणारा शाहिद, मूळचा चिपळूणचा, संगणकापाशी बसला होता. “मॅडम, सही टाका. दहा मिनिटं राहिली. पोर्टल एकदा बंद झालं की खलास.”

“चिठ्ठीत कारण लिहिलेलं नाही.”

शाहिदने मान वर केली. “तीन नंबरची चिठ्ठीपण ह्यांचीच होती. तिच्यातही कारण नव्हतं. ती तर आपण चालवली.”

“ती माझ्या मुलीची नव्हती.”

शाहिदच्या चेहऱ्यावर आदर उमटला. “हे मात्र बरोबर. दुसरं कुणी असतं तर घरच्या कागदावर पहिली सही केली असती.”

स्वप्ना शोभनाबाईंच्या हाताकडे पाहत होती. तो हात डब्याचे झाकण लावत होता. ते सरळ बसत नव्हते.

“मॅडम, तिचं जेद्दाह जाईल. नोव्हेंबरपासून त्या रोबोच्या मागे लागलीय पोरगी. माझ्यावर रागवायचं तर रागवा. हवं तर कारण लिहून देते.”

“लिहा.” शोभनाबाईंनी आपले पेन तिच्यापुढे सरकवले.

स्वप्नाने पेन उचलले. चिठ्ठी जवळ ओढली. मग पेन पुन्हा खाली ठेवले.

“नाही. तिला विचारल्याशिवाय नाही लिहिता येणार. बोलावू का तिला? दोन मिनिटांत येईल.”

“तुम्ही बोलावलंत तर येईलच,” शोभनाबाई म्हणाल्या.

दहा वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. शाहिद घड्याळाकडे पाहत राहिला.

शोभनाबाईंनी फाईलमधील रकान्यात एक शब्द लिहिला : अमान्य. त्याखाली सही केली, तारीख घातली, वेळ घातली. नियमाप्रमाणे चिठ्ठी फाईलला लावायची असते. त्यांनी तिची चौपदरी घडी घातली आणि ती आपल्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

“मॅडम, चिठ्ठी?” शाहिदने विचारले.

“आकडा भरा.”

स्वप्ना दारापर्यंत गेली, थांबली, आणि निघून गेली. शाहिदने आकडा भरला, बटण दाबले, आणि खातरजमेसाठी पडदा शोभनाबाईंकडे वळवला.

अवंती सत्यजित करंदीकर, दहावी ब. वर्तन : नव्वद.