अनियमित क्रियापद

अर्धांगवायूच्या झटक्यात इटालियनच्या मास्तरांची वाचा गेली, त्याला तीन महिने झाले होते. बायकोला इटालियनचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी रोज दुपारी उशाशी बसून ती त्यांच्याच पुस्तकातली ‘आन्दारे’ म्हणजे ‘जाणे’ची रूपं मोठ्यानं वाचायची. वर्तमान, भूत, भविष्य, आज्ञार्थ, संकेतार्थ. मास्तर नुसते छताकडे बघत पडलेले असायचे.

आज तिचा धीर सुटला. “अहो, निदान हूं तरी म्हणा! मी बोलू तरी कुणाशी?” भरल्या डोळ्यांना अक्षरं दिसेनात, तेव्हा तिनं अंदाजानंच म्हटलं, “मी जाते... आन्दो.”

मास्तरांच्या कपाळावर आठी उमटली. “चू...क! वा...दो!”

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा मुद्दाम चुकीचंच म्हटलं.