चुंबकावरची लव

शिवता शिवता माझ्या हातातली सुई निसटली ती थेट लेकीच्या गादीत. शिवणाऱ्या बाईची युक्ती म्हणजे दोरीला बांधलेलं लोहचुंबक. लेकीभोवती मी ते हळूहळू फिरवलं. लेक बाबांच्या शर्टात नाक खुपसून झोपली होती. त्यांच्या वासाशिवाय या बाईसाहेबांना झोप येत नाही, म्हणून हे कारखान्यातून आले की अंगातला शर्ट, न धुताच, तिच्या कुशीत देतात. चुंबक शर्टावरून उचललं. सुई सापडली, पण तिच्याभोवती काळी, बारीक लव उगवली होती. लेकीच्या श्वासासरशी ती लव हलत होती. “अहो, हे काय?” “लोखंड घासतो ना दिवसभर, त्याची धूळ. घाबरू नकोस, मी मास्क लावतो.” मी शर्ट अलगद काढून घेतला. झोपेतच लेकीने तो चाचपडत पुन्हा ओढला, चेहऱ्याशी धरला आणि खोल श्वास घेतला.