अर्धा डबा

“सर, हे ब्रह्मदेवाला सांगितलं तरी त्याला खरं वाटायचं नाय,” नाथा म्हणाला, आणि अंबरीश सरांनी पिशवीतून काढलेला स्क्रू-ड्रायव्हर त्यानं सहज आपल्या मांडीखाली सरकवला. “हा बोर्ड तुमचा नायच मुळी. चिंबोरीनं दिला. इथंच, गडबच्या खाडीत. नांगीत धरून वर आली.”

“काका, त्यावर आमच्या संस्थेचा नंबर आहे. पांढऱ्या रंगानं घातलेला.”

“शिकलेली असंल चिंबोरी.”

सरांना हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. प्रविण जाऊन महिनाच झाला होता. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून घरी येताना खांब गावाजवळ ट्रकनं उडवला. नाथाचा मुलगा, सरांचा विद्यार्थी. त्याला प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर शिकायचा जुना बोर्ड सरांनीच दिला होता, आणि आता तो परत न्यायला शहाण्णव सालच्या या चैत्रातल्या उन्हात तेच आले होते.

ओसरीवर दोघांच्या मधे डबा होता. डबा म्हणजे काय, तर पत्र्याची चपटी पेटी. आत पाटीएवढा बोर्ड, त्यावर बटणं आणि सहा लाल आकडे उमटायची खिडकी, शेजारी स्कूटरची बॅटरी, आणि खांद्याला अडकवायला पट्टा. ऑफिसातले कॉम्प्युटर टेबल सोडत नाहीत. प्रविणचा कॉम्प्युटर चिखल तुडवत बांधावर जायचा. अमावास्या कधी झाली ते घातलं की पुढच्या पंधरा दिवसांच्या भरतीच्या वेळा दाखवायचा. नाथाच्या बापजाद्यांनी तेच काम, तिथीची पाऊणपट केली की येईल तो भरतीचा तास, असं तोंडी केलं होतं.

“सोमवारी संस्थेत सामानाची तपासणी आहे, काका. तेवढा बोर्ड काढून नेतो. पेटी, बॅटरी तुमचीच.”

“काढाल कसा? अर्धा डबा माजा हाय. आमी दोघांनी मिळून केलाय.” नाथा पुढे सरकला. “डाग द्यायचं शिसं संपलं. दुकान पेणला. मी म्हणलो, थांब पोरा. मिठागरातलं मूठभर मीठ तव्यावर वितळवलं आणि त्याचे डाग दिले. बघा, एक तार हलत नाय.”

“मीठ तांबं खातं, काका.”

“ते दुकानचं. आमचं मीठ घरच्याला खात नाय.”

दारात प्रविणची आई पुतळी सुपात सुकट निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

सर डब्याकडे बघत म्हणाले, “हुशार होता हो. भाद्रपदात तेवढा फसला. पंचांगात बीज दोन दिवस होती, डब्यानं दुसऱ्या दिवशी तीज धरली आणि भरती पाऊण तास उशिरा दाखवली. तुम्ही बांधाच्या उघाडीचं दार उशिरा लावलंत आणि खारं पाणी गावाच्या भातात शिरलं. माझ्यासमोर रडला होता तो. म्हणाला, सर, माझा डबा चुकला.”

“डबा नाय चुकला!” नाथा एवढ्या मोठ्यानं ओरडला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. “खाडी चुकली. पाऊण तास आधी आली. तिला पेणचे गणपती बघायची घाई! साऱ्या गावासमोर मी तिला झापली. म्हणलो, बये, यापुढं माज्या पोराच्या डब्यात वेळ बघायची आणि मगच निघायचं. तवापासनं बघा कशी वेळेवर येते.”

या वेळी सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीचा बंद बांधून टाकला.

“काका, एक सांगा. डबा खरंच दोघांनी मिळून केला असेल, तर मी नेत नाही. बोर्ड हरवला असं लिहून देतो. माझं काय व्हायचं ते होईल.”

नाथानं डबा जवळ ओढला. पुढचं तो सावकाश बोलला.

“मग काय, सर. ते पाणी शिरलं ना, त्याच दिवशी मी त्याला म्हणलो, जाऊ दे, पुन्हा करू. त्या दिवसापासनं रोज जेवायला बसलो की तो डबा मांडीवर घ्यायचा. मी तिथी सांगायचो, तो बटणं दाबायचा. म्हणायचा, बाबा, बघा जमतंय का. मी म्हणायचो, जमतंय रे. रोज, सर. बाप-लेक.”

सुपातला हात थांबला. पुतळीनं सूप बाजूला ठेवलं.

“चिंबोरी सांगा, खाडी सांगा, कायपण सांगा,” ती म्हणाली. “हे नका सांगू.”

“पुतळे, गप बस गो. सर डबा ठेवतायत.”

“नेऊ देत. साऱ्या गावासमोर खाडीला नाय झापलात तुमी, त्याला झापलात. तवापासनं त्याच्याशी एक शब्द बोलला नाय. तिथी मी सांगायचे त्याला, देवळातल्या गुरवाला विचारून. रोज जेवताना तो तुमच्याकडं तोंड करून भरतीची वेळ मोठ्यानं वाचायचा. दोन-दोनदा वाचायचा. आणि तुमी भरल्या ताटावरून उठायचा.”