डाव्या बाजूचे दात

चेनसॉ पुन्हा उजवीकडेच ओढली गेली. जळणासाठी फणसाचा ओंडका सरळ कापायला घेतला, तर काप चंद्रकोरीसारखा निघाला.

“चेन फेकून दे आता,” कुंपणापलीकडून भार्गव म्हणाला.

“दर आठवड्याला कानशीने धार लावतो मी!” मी खेकसलो.

मशीन बंद करून अंगणातल्या ठोकळ्यावर ठेवली, एकेका दातावरून बोट फिरवलं. चेनचे उजवे दात धारदार, डावे मात्र पार बोथट होते.

डावे दात नेहमी बायको घासायची. ती डावखुरी, म्हणून ठोकळ्याच्या पलीकडे बसायची. माझी बाजू झाली की कानस तिच्या हाती द्यायचो. “माझ्या बाजूला हात लावू नका हं,” ती बजावायची.

ती जाऊन वर्ष होत आलं. मी आपला अजूनही माझी बाजू घासून उठत होतो.

आज पहिल्यांदाच तिच्या पाटावर बसलो. डावा हात वळेना, तरी कानस उजव्या हातात घेतली नाही. एक दात कसाबसा घासला. “बघ गं, जमलं का?” म्हणत मान वर केली.

समोर माझा पाट रिकामा होता.