सुरगाठ

सत्तेचाळीसला वडिलांनी गिरणीच्या गेटवर झेंडा बांधला होता. त्यांची झटक्यात सुटणारी सुरगाठ कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत मलाच येते, अशी माझी समजूत. म्हणून दरवर्षी झेंडा मीच बांधतो. पण हल्ली डोळ्यांना रंग कळत नाहीत, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. काल संध्याकाळी अंदाजानेच घडी घालून, पाकळ्या भरून झेंडा चढवला. आज सेक्रेटरींनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, सगळ्यांनी मोबाइल उचलले आणि राष्ट्रगीत सुरू झालं. मला वर फक्त राखाडी पट्टे दिसत होते. गेल्या वर्षी शेजारच्या सोसायटीत झेंडा उलटा लागला, तेव्हा बांधणाऱ्याला पोलीस घेऊन गेले. सावधान उभ्याउभ्या विचारणार कुणाला? गीत संपताच बायकोला हळूच विचारलं, “वर कुठला रंग?” “केशरी,” ती म्हणाली. “पहाटे मी सोडून बघितला, तेव्हा हिरवा होता.”