घोट्यावरचा घट्टा

डॉक्टरीणबाईंनी दशरथचा डावा पाय स्टुलावर घेतला आणि घोट्यावरून अंगठा फिरवला. बाहेरच्या हाडावर रुपयाएवढा काळा चट्टा होता. खरखरीत, खवले सुटलेला.

"हात नका लावू बाई," दशरथ पाय मागे ओढत म्हणाला. "गजकर्ण आहे. तुम्हाला लागेल."

"कोण म्हणालं?"

"शेजारच्या सुगंधावहिनी. 'भावोजी, पोरांका लागात' म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्याकडे जात नाही मी."

"गजकर्ण कसलं! घट्टा आहे हा. उजव्या पायालाही आहे बघा, बारीकसा. मांडी घातली की हे हाड जमिनीला टेकतं. घासून घासून कातडी जाड होते, काळी पडते. कोणाला लागत नाही."

दशरथने पाय सैल सोडला.

"याला काय लावलंत?"

"गजकर्णाचं मलम. आणि रोज वजरीने घासतो."

"वजरी फेकून द्या आधी. घासाल तेवढं जाड होईल. कोमट पाण्यात पाय बुडवा, पुसा, मग मी देते ते मलम लावा. दिवसभर खालीच बसता का?"

"गिरणी बंद झाल्यापासून खालीच. पण ही मधे मधे उठवायची. नळाला पाणी आलं, रॉकेलच्या रांगेत जा, दळण आणा."

"आणि आता?"

दशरथने पाय स्टुलावरून खाली घेतला. बाई मलमाची डबी त्याच्या हातात देत म्हणाल्या, "मांडी बंद. निदान जेवायला तरी खुर्चीवर बसा. खुर्ची आहे ना घरी?"

"आहे एक."

भांडुपच्या टेकडीवरची त्याची चाळ. सुगंधावहिनी दारात तांदूळ निवडत होत्या.

"काय म्हणाली डाक्टरीण?"

"घट्टा आहे. लागत नाही कोणाला."

"अरे देवा! आणि मी मेली काय काय बोललंय. चला, आज हयसरच जेवा. बांगड्याचा सार केलंय."

"आज घरीच जेवतो वहिनी. खुर्चीवर बसून जेवायला सांगितलंय."

सुगंधावहिनींचा हात सुपात थांबला. ती खुर्ची त्यांना माहीत होती. त्या आत गेल्या आणि साराचं पातेलं आणून त्याच्या हातात दिलं.

घडीची लोखंडी खुर्ची दाराआड उभी होती. बायकोच्या, रत्नप्रभाच्या गुडघ्यांसाठी आणलेली. गुडघे गेल्यापासून ती रोज त्याचं ताट खाली मांडायची, आपलं मांडीवर घेऊन खुर्चीवर टेकायची आणि मग हाक मारायची, "आयकलात?" त्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. तो येऊन समोर मांडी घालायचा, कारल्याची फोड भाताखाली दडपायचा. वरून आवाज यायचा, "दिसता हां माका हयसून." ती गेली तशी दशरथने खुर्ची मिटून ठेवली, ती ठेवलीच.

त्याने भात टाकला. खुर्ची ओढून उघडली, धूळ पुसली. ताट वाढलं आणि हळूच खुर्चीवर बसला. पाठ टेकली नाही.

मग त्याच्या लक्षात आलं. हात रिकामे होते. सवयीने ताट खालीच मांडलं होतं.

वरून सगळं दिसत होतं. कोब्यावरची त्याची बसायची जागा, घासून गुळगुळीत झालेली. त्या जागेपुढे ताट. भातावरची वाफ कमी होत चाललेली.

तो ताट उचलायला वाकला, आणि तसाच मागे टेकला.

"आयकलात?" तो म्हणाला. "जेवाण थंड होता."