भिंग आणि घड्याळ

"जाय नं पोरी. मले काय धाड भरली?" कैलासराव म्हणाले आणि पुन्हा तुरीच्या शेंगा सोलू लागले.

नंदिनीच्या जिवाची घालमेल आणखीच वाढली. पुण्याच्या कंपनीला संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं, तर हिंगणीच्या घरात बाबा एकटे. आई तर केव्हाच गेली. नाही म्हटलं, तर अशी नोकरी पुन्हा दारात येणार नव्हती. सकाळपासून ती आत-बाहेर येरझारा घालत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती आणि प्रत्येक वेळी हेच ऐकत होती. एकदा तरी म्हणावं माणसानं, थांब म्हणून! तिला त्यांचा रागच आला. एवढी का जड झाली होती ती या घराला? रुजू व्हायला अजून आठवडा होता, पण आता उद्याचीच गाडी पकडायची, तिनं ठरवलं आणि तसं बाबांना ऐकवलंही.

वीज सकाळपासून गुल होती आणि तिच्या मोबाइलनं मान टाकली होती. तिनं बाबांचा मोबाइल उचलला. एसटीचं वेळापत्रक शोधायला 'ए' लिहिलं, तोच खाली सुचवण्यांची रांग लागली.

या रांगेवरून मागे घरात चांगलाच तमाशा झाला होता. दाढदुखीवर उपाय शोधायला बाबांनी 'दा' लिहिलं आणि मोबाइलनं सुचवलं, 'दारू सोडण्याचे उपाय'. जन्मात थेंबाला न शिवलेले बाबा भडकले. "मी पेतो असं कोनं सांगतलं याले?" हसू आवरत नंदिनीनं समजावलं होतं, "बाबा, समोर भिंग दिसलं तं ते दुनियेनं शोधलेलं. घड्याळ दिसलं तं ते तुमीच आधी शोधलेलं."

आताच्या रांगेत एकादशी होती, एसटी होती. त्यांच्यासमोर भिंग. पण सगळ्यांच्या वर घड्याळंच घड्याळं होती.

'एका मानसाले भात किती'.

'एका मानसाच्या भातात पाणी किती'.

'एकटे पाणी किती'.

नंदिनीचं बोट थबकलं. मग तिनं शेवटच्या ओळीवर टेकवलं. पान उघडलं. सगळ्यात वर मोबाइलनं अदबीनं विचारलं होतं, 'तुम्हाला असे म्हणायचे आहे का: एकटेपणा किती'.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मोबाइल बाबांसमोर धरला. त्यांनी चष्मा सावरून वाचलं आणि नजर शेंगांकडे वळवली.

"येडं आहे ते," ते पुटपुटले. "मी पान्याचं इचारून राह्यलो होतो."

नंदिनी आत गेली. पातेल्यात मूठभर तांदूळ धुऊन घेतले आणि पाण्याच्या तांब्यासकट बाहेर येऊन त्यांच्याजवळ बसली. पातेल्यात पाणी ओतलं.

"बोट टाका, बाबा. तांदळाच्या वर एक पेर बुडलं पायजे. एकटं असो का दोघं, पेर तेवढंच."

कैलासरावांनी बोट बुडवलं. पाणी बरोबर होतं, तरी बोट काही बाहेर निघेना.

"त्याइले हो कळवून दे," ते पातेल्याकडे पाहत म्हणाले. "पन उद्याच नोको जाऊ. चार दिवस थांबजो. एका दिवसात नाई येत भात."